‘व्हॅनिटी फेअर’मधील उधारीची वही : एका सदोष नायिकेचे इतिहासाच्या अभ्यासकाने केलेले वाचन

प्रस्तावना

इतिहासाच्या अभ्यासकाने कादंबरी कशासाठी वाचावी, हा प्रश्न आपल्या महाविद्यालयीन वर्तुळात अधूनमधून विचारला जातो आणि बहुधा त्याला ठरावीक उत्तर मिळते : कादंबरी हा समाजाचा आरसा असतो. प्रस्तुत लेखिकेला हे उत्तर फारसे समाधानकारक वाटत नाही. आरशात दिसते ते समोर उभ्या असलेल्याचे रूप, आणि बाजूला कोण उभे होते ते आरसा सांगत नाही. विल्यम मेकपीस थॅकरे या इंग्रज लेखकाच्या ‘व्हॅनिटी फेअर’ या उपहासप्रधान कादंबरीचे वाचन करताना ही गोष्ट विशेषत्वाने जाणवली. या कादंबरीची नायिका बेकी शार्प हिच्याविषयी इंग्रजी साहित्याच्या अभ्यासकांनी विपुल लिहिले आहे. तिचे लबाड, महत्त्वाकांक्षी, बुद्धिमान आणि तरीही वाचकाला हवेहवेसे वाटणारे व्यक्तिमत्त्व हा त्यांच्या चर्चेचा विषय आहे. या लेखात मात्र त्या चर्चेत फार न शिरता, बेकीने कोणाकोणाचे किती देणे ठेवले, या एकाच प्रश्नाकडे लक्ष वेधावयाचे आहे.

प्रश्न किरकोळ वाटेल. परंतु एम.फिल.च्या लघुप्रबंधासाठी एकोणिसाव्या शतकातील दख्खनच्या कर्जबाजारीपणावर काही काळ वाचन केल्यामुळे असेल, कादंबरी उघडताच लेखिकेची दृष्टी नायिकेच्या हिरव्या डोळ्यांवर न जाता तिच्या वाण्याच्या उधारीवर गेली, हे प्रांजळपणे सांगितले पाहिजे.

कादंबरी आणि तिचा काळ

‘व्हॅनिटी फेअर’ जानेवारी १८४७ ते जुलै १८४८ या काळात मासिक भागांच्या रूपाने प्रसिद्ध झाली. ‘पंच’ या उपहासात्मक साप्ताहिकाचे मालक ब्रॅडबरी आणि इव्हान्स हेच तिचे प्रकाशक होते आणि भागांतील चित्रे स्वतः थॅकरेने काढली होती. १८४८ मध्ये ती ग्रंथरूपाने आली तेव्हा ‘नायक नसलेली कादंबरी’ या अर्थाचे उपशीर्षक तिला देण्यात आले. ग्रंथाचे नाव जॉन बन्यन याच्या १६७८ मधील ‘पिलग्रिम्स प्रोग्रेस’ या रूपककथेतून घेतलेले आहे. स्वर्गाच्या वाटेवरील यात्रेकरूला जी भपक्याची जत्रा लागते, जेथे मानसन्मान, पदव्या, बायका-मुले, सर्व काही विकावयास मांडलेले असते, ती ही जत्रा. येथे एक गोष्ट नमूद करण्याजोगी आहे. बन्यनच्या या ग्रंथाचे हरी केशवजी यांनी केलेले ‘यात्रिक क्रमण’ हे मराठी भाषांतर १८४१ मध्ये प्रसिद्ध झाले होते. म्हणजे थॅकरेने आपली जत्रा मांडण्यापूर्वीच त्या जत्रेची मूळ कल्पना मराठी वाचकांपर्यंत पोहोचलेली होती, अर्थात धर्मबोधाच्या वेषात.

कथेचा काळ लेखनकाळाच्या सुमारे तीन दशके आधीचा, नेपोलियनच्या अखेरच्या युद्धांचा आणि त्यानंतरच्या वर्षांचा आहे. चिझिक येथील मिस पिंकर्टनच्या कन्याशाळेतून दोन मुली बाहेर पडतात. अमीलिया सेडली ही सुखवस्तू व्यापाऱ्याची मुलगी, तर रिबेका ऊर्फ बेकी शार्प ही एका व्यसनी चित्रकला शिक्षकाची आणि फ्रेंच नर्तकीची अनाथ मुलगी. बेकीने शाळेत धाकट्या मुलींशी फ्रेंच बोलावयाचे आणि त्या बदल्यात निवास, भोजन व थोडेबहुत शिक्षण मिळवावयाचे, असा करार होता. निरोपाच्या वेळी भेट मिळालेला डॉ. जॉन्सनचा शब्दकोश ती गाडीच्या खिडकीतून बाहेर फेकते आणि कादंबरी सुरू होते. पुढे ती गव्हर्नेस म्हणून एका सरदार घराण्यात जाते, त्या घरातील धाकटा मुलगा रॉडन क्रॉली याच्याशी गुप्तपणे विवाह करते, त्यामुळे श्रीमंत आत्याच्या वारशाला तो मुकतो, आणि मग या दांपत्याचा पत हेच भांडवल असलेला संसार सुरू होतो.

गव्हर्नेस या वर्गाविषयी दोन शब्द. मध्यमवर्गीय, सुशिक्षित, पण निर्धन स्त्रीला प्रतिष्ठा न गमावता करता येण्याजोगा हा जवळजवळ एकमेव व्यवसाय होता. त्यांच्या शिक्षणाचा प्रश्न इतका तीव्र झाला होता की कादंबरीचे भाग प्रसिद्ध होत असतानाच, १८४८ मध्ये, लंडन येथे क्वीन्स कॉलेज सुरू झाले. शार्लट ब्राँटीने ‘जेन एअर’ या गव्हर्नेसच्याच कथेची दुसरी आवृत्ती थॅकरेला अर्पण केली, आणि थॅकरेची पत्नी १८४० पासून मनोरुग्ण असल्यामुळे लंडनमध्ये नको त्या कुजबुजीला तोंड फुटले. विवाहित स्त्रीला मालमत्तेचा स्वतंत्र हक्क देणारे कायदे तर १८७० आणि १८८२ चे. बेकी जे काही मिळवते ते कायद्याच्या दृष्टीने रॉडनचे असते, ही गोष्ट लक्षात घेतल्यास तिने नोटा पतीपासून लपवून का ठेवल्या, याचा निदान अर्धा उलगडा होतो.

पत आणि उधारी

वॉटर्लूच्या लढाईस (१८ जून १८१५) निघताना रॉडन पेन्सिलीने एक यादी करतो. बंदूक अमुक किमतीची, पिस्तुले अमुक किमतीची, घोडे, कपडे, खोगीर. आपण परतलो नाही तर विधवेला काय काय विकता येईल याची ही यादी. नवा गणवेष मागे ठेवून तो जुना अंगावर चढवतो, कारण नव्याला बाजारात किंमत येईल. इतिहासाच्या अभ्यासकाला अशी यादी एखाद्या दप्तरात मिळाली असती तर त्याने तिच्यावर एक शोधनिबंध लिहिला असता. उर्मट, जुगारी, अल्पशिक्षित अशा या सैनिकाचे संपूर्ण प्रेम त्या मालमत्तापत्रकात उतरले आहे. तो गेल्यावर बेकीही हिशेब करते, परंतु वेगळा. आपण वैधव्यातही फारशा नडणार नाही, असे तिच्या ध्यानात येते. एवढ्यात फ्रेंच सैन्य शहरात घुसणार अशी अफवा पसरून ब्रसेल्समध्ये पळापळ होते. तेव्हा घाबरलेल्या जॉस सेडलीला ती आपले घोडे अवाच्या सवा भावाने विकते.

युद्धानंतर हे जोडपे काही काळ पॅरिसमध्ये आणि नंतर लंडनच्या कर्झन स्ट्रीटवर राहू लागते. उत्पन्न शून्य आणि राहणी थाटाची, हे कसे साधते, यावर थॅकरेने दोन स्वतंत्र प्रकरणे खर्ची घातली आहेत, आणि प्रस्तुत लेखिकेच्या मते कादंबरीतील सर्वांत मोलाचा ऐतिहासिक भाग तोच आहे. घर भाड्याचे आहे, पण भाडे दिलेले नाही. भाजी, मांस, दारू, कोळसा, गाडी, धुलाई, सर्व उधारीवर. नोकरांचे पगार थकलेले. घराचा मालक रॅगल्स हा पूर्वी रॉडनच्या आत्याकडे खानसामा होता. आयुष्यभराच्या बचतीतून त्याने भाजीपाल्याचे दुकान आणि हे घर घेतले होते. क्रॉली घराण्याचे नाव ऐकून तो मोहरला. मालकिणीच्या पुतण्याकडे भाड्याचा तगादा कसा लावावयाचा? घरपट्टी तो भरतो, विम्याचा हप्ता तो भरतो, किराणाही तोच पुरवतो, आणि शेवटी कर्जदारांच्या तुरुंगाची पाळी त्याच्यावर येते. ब्रिग्ज ही आत्याची जुनी सोबतीण. तिला मिळालेला छोटासा वारसाही बेकीच्या हातात जातो.

मराठीत ‘पत’ या शब्दाला दोन अर्थ आहेत : बाजारातली पत आणि समाजातली पत, म्हणजे अब्रू. आपण हे दोन अर्थ एका श्वासात वापरतो, म्हणून त्यांच्यातील देवघेव आपल्या लक्षात येत नाही. बेकीचे सारे अर्थशास्त्र या देवघेवीवर उभे आहे. लॉर्ड स्टाइनची गाडी दाराशी थांबलेली दिसली की खाटीक आणखी एक महिना थांबतो. राजदरबारात सादर होण्याचा मान मिळाला की शिंपी नवे कापड देतो. समाजातली पत बाजारात वटवायची, बाजारातल्या पतीवर मेजवानी द्यायची, आणि त्या मेजवानीतून पुन्हा समाजातली पत वाढवायची, असे हे रहाट आहे.

येथे दख्खनची आठवण होणे स्वाभाविक आहे. १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातील सुपे येथे रयतेने सावकारांवर उठाव केला आणि पुणे व तत्कालीन अहमदनगर जिल्ह्यांत तो पसरला. उठावकऱ्यांचा रोख प्रामुख्याने कर्जरोख्यांवर होता. रोखे हस्तगत करावयाचे आणि जाळावयाचे. तेथील दप्तरात ऋणको दुबळा आहे आणि धनको सबळ. हुकूमनामा, जप्ती, कैद ही सर्व हत्यारे धनकोच्या बाजूची. १८७९ च्या दख्खन शेतकरी कायद्याने पैशाच्या हुकूमनाम्यासाठी शेतकऱ्याला कैद करण्याची तरतूद काढून टाकली, ती याच पार्श्वभूमीवर. कर्झन स्ट्रीटवर चित्र नेमके उलट आहे. ऋणको सबळ आणि धनको दुबळा. कायदा तर तेथेही धनकोच्या बाजूचा होता आणि रॉडनला कर्जापायी अटकही होते. परंतु रॅगल्स तो कायदा वापरत नाही, कारण सरदार घराण्यापुढे वाकण्याची त्याची सवय कायद्याहून जुनी आहे. कर्जाचा इतिहास लिहिताना आपण व्याजाचा दर, तारण, मुदत यांची कोष्टके करतो. कोण कोणापुढे मान वर करून उभा राहू शकत होता, याचे कोष्टक मात्र करीत नाही. करता येत नाही असे म्हणणे अधिक न्याय्य ठरेल. या बाबतीत कादंबरीकार आपल्या पुढे गेला आहे, हे मान्य करावे लागते.

कलकत्त्याचा पैसा

थॅकरेला हे सर्व कोठून कळले, याचे उत्तर त्याच्या चरित्रात आहे आणि ते आपल्या देशाशी निगडित आहे. त्याचा जन्म १८ जुलै १८११ रोजी कलकत्त्यात झाला. पिता रिचमंड थॅकरे ईस्ट इंडिया कंपनीच्या महसूल खात्यातील अधिकारी, पुढे चोवीस परगण्यांचा कलेक्टर. १८१५ मध्ये पिता वारला आणि लहान विल्यमला इंग्लंडला पाठविण्यात आले. वाटेत जहाज सेंट हेलेना बेटावर थांबले असता सोबतच्या नोकराने त्याला बागेत फिरणारा कैदी नेपोलियन दाखविला, ही आठवण त्याने पुढे व्याख्यानात सांगितली आहे. पित्याने ठेवलेली पुंजी सज्ञान झाल्यावर त्याच्या हाती आली. परंतु १८३० मध्ये पामर आणि कंपनीचे दिवाळे निघाल्यापासून चार वर्षांत कलकत्त्यातील नावाजलेल्या एजन्सी हाउसेस एकामागून एक बुडाल्या. नीळ आणि तिच्यावरील उचल यांत त्यांचा पैसा अडकला होता. त्या बुडीत थॅकरेच्या वारशाचा मोठा भाग गेला. उरलेला त्याने स्वतः जुगारात आणि एका वृत्तपत्राच्या उद्योगात घालविला. पोटासाठी लेखणी हाती धरणे त्याला भाग पडले. म्हणजे दिवाळखोरी हा त्याच्यासाठी ऐकीव विषय नव्हता. नेपोलियन एल्बाहून परतताच सरकारी रोख्यांचे भाव कोसळून अमीलियाचा पिता बुडतो, त्या प्रकरणातील सामानाचा लिलाव याच अनुभवातून आलेला असावा.

आता कादंबरीतील भारत पाहू. अमीलियाचा भाऊ जॉस हा बंगालमधील ‘बॉग्ली वॉला’ नावाच्या काल्पनिक जिल्ह्याचा कलेक्टर आहे. लठ्ठ, भित्रा, नटवा, खादाड. त्याला जाळ्यात ओढावे म्हणून बेकी त्याच्या घरची झणझणीत करी खाते, डोळ्यांत पाणी येते, आणि ‘चिली’ या नावावरून हा पदार्थ थंड असावा अशा समजुतीने मिरची मागून घेते. हा प्रसंग कोणाही मराठी वाचकाला हसविल्याखेरीज राहणार नाही. काश्मिरी शाली आहेत, वाघाच्या शिकारीच्या थापा आहेत, अजीर्ण आणि यकृताचा विकार आहे. डॉबिन ज्या पलटणीत आहे ती मद्रासला असते आणि ब्रह्मदेशाच्या युद्धात (१८२४–२६) भाग घेते. ज्या सेनापतीच्या विजयावर कादंबरीचा मध्यबिंदू उभा आहे, त्या वेलिंग्टनने १८०३ मध्ये असईच्या मैदानावर मराठी फौजांचा पराभव करून नाव मिळविले होते. इतका भारत कादंबरीत किंवा तिच्या उंबरठ्यावर आहे. नाही ती फक्त रयत.

जॉसचा पैसा कोठून आला? तो खातो, ल्यायला घेतो, बहिणीला देतो, बेकीवर उधळतो. बेकीच्या खाटकाची आणि धोब्याची थकबाकी नोंदविणारा थॅकरे जॉसच्या वसुलीची वही एकदाही उघडत नाही. तो स्वतः कलेक्टरचा मुलगा होता, त्याचा वारसा त्याच वहीतून आलेला होता. त्याने जॉसची थट्टा केली आहे हे खरे, पण ती जॉसच्या पोटाची आणि पाटलोणीची. सेंट किट्स बेटावरील श्रीमंत वारसदार मिस स्वार्ट्झ हिची थट्टा तर तिच्या वर्णावरून केलेली आहे, आणि ती आज वाचताना शरम वाटते. थॅकरेच्या पित्याला विवाहापूर्वी एका युरेशियन स्त्रीपासून झालेली सारा नावाची मुलगी होती. त्या सावत्र बहिणीचे अस्तित्व ठाऊक असूनही या लेखणीने मिस स्वार्ट्झचे चित्र असेच रंगविले. उपहासकाराची दृष्टी सर्वत्र फिरते, परंतु ज्या फांदीवर तो बसला आहे तिच्या बुंध्याकडे वळत नाही. हा दोष केवळ थॅकरेचा आहे असे मानण्याचे कारण नाही.

नायिकेचा दोष

तृतीय वर्षाच्या वर्गात युरोपचा इतिहास शिकवताना या कादंबरीची गोष्ट सांगितली की मुली जवळजवळ एकमुखाने बेकीच्या बाजूने उभ्या राहतात. निर्धन, अनाथ, बुद्धिमान मुलीने आणखी काय करावयाचे होते, असा त्यांचा सवाल असतो. काही वर्षांपूर्वीपर्यंत प्रस्तुत लेखिकेचाही हाच पक्ष होता. आपल्याकडील आरंभीच्या कादंबऱ्यांतील नायिकांशी तुलना केली तर बेकीचे आकर्षण अधिकच कळते. ‘यमुनापर्यटन’ (१८५७) असो वा हरिभाऊ आपट्यांची ‘पण लक्षांत कोण घेतो?’ असो, आपल्या सुरुवातीच्या नायिका सोसणाऱ्या आहेत. त्यांचे सोसणे वाचकाला अस्वस्थ करते, कारण त्यांचा स्वतःचा अपराध काहीच नाही. बेकी सोसत नाही, आणि अपराध करते. कादंबरीत एका ठिकाणी ती मनाशी म्हणते की वर्षाला पाच हजार पौंड मिळाले तर आपणही चांगली स्त्री होऊ शकू. निवेदकही तिला लगेच खोटी ठरवीत नाही. पोटभर जेवून आलेला मनुष्य भाकरी चोरीत नाही, यात त्याची थोरवी ती काय, असा त्याचा सूर आहे.

हा युक्तिवाद बळकट आहे, आणि इतिहासाच्या वर्गात तो अधिकच बळकट होतो, कारण परिस्थिती समजावून सांगणे हेच आमचे काम. परंतु परिस्थिती समजली म्हणजे हिशेब मिटला असे होत नाही. कर्जापायी अटक होऊन रॉडन कोठडीत बसतो तेव्हा देणे सुमारे १६६ पौंडांचे असते. तो पत्नीला पत्र लिहितो. ती लाडीगोडीचे उत्तर पाठवते, पैसे मिळत नाहीत म्हणते. भावजय लेडी जेन त्याला सोडवते. घरी येतो तो बेकी दागिन्यांनी मढून लॉर्ड स्टाइनसह बसलेली, आणि तिच्या पेटीत एक हजार पौंडांची नोट. त्या क्षणीही रॉडनला ब्रिग्जचे देणे आठवते. बेकीला आठवत नाही. तिने लुबाडले ते सरदारांना नव्हे. लॉर्ड स्टाइनचे काहीच गेले नाही. गेले ते ब्रिग्जचे आणि रॅगल्सचे, म्हणजे तिच्याच पायरीवर किंवा एक पायरी खाली उभ्या असलेल्यांचे. वरच्या वर्गाविरुद्धचे बंड असे तिच्या वर्तनाला म्हणावयाचे असेल तर त्या बंडाचा खर्च खालच्या वर्गाने दिला, हेही म्हणावे लागेल.

आणि मुलगा. आई गात असताना जिन्यात उभा राहून ऐकणाऱ्या लहान रॉडनच्या ती कानशिलात लगावते. पाहुण्यांसमोर त्याचा मुका घेते, तेव्हा तो सर्वांदेखत म्हणतो की घरी तर तू कधी घेत नाहीस. त्या मुलाला प्रेमाने जवळ घ्यावयास पाच हजार पौंड लागत नव्हते. प्रस्तुत लेखिकेचा पक्ष बदलला तो येथे.

तरीही शेवटच्या आरोपाच्या बाबतीत सावधगिरी हवी. जॉस एक्स-ला-शापेल येथे मरण पावतो. सारी मालमत्ता सट्ट्यात संपलेली असते, उरतो दोन हजार पौंडांचा विमा, आणि त्यात बेकीचा निम्मा वाटा असतो. विमा कंपनीच्या वकिलाला संशय येतो. तत्पूर्वी पडद्याआड उभ्या असलेल्या बेकीचे एक चित्र थॅकरेने काढले आहे आणि तिला पतिघातकी क्लायटेम्नेस्ट्राच्या भूमिकेत दाखविले आहे. मजकुरात मात्र तिने विष दिले असे कोठेही म्हटलेले नाही. अनेक टीकाकार चित्राच्या आधारे तिला खुनी ठरवून मोकळे होतात. पुराव्याच्या नियमांनी चालावयाचे तर संशयाची नोंद करावी आणि तेथे थांबावे. ज्यांनी स्वतःचे कागद मागे ठेवले नाहीत अशा स्त्रिया आपल्याला दप्तरांत भेटतात त्या बहुधा वकिलांच्या, धनकोंच्या आणि दुखावलेल्या नातलगांच्या कागदांतूनच. त्याच बेकीने अमीलियाला मृत पती जॉर्जची चिठ्ठी दाखवून बारा-पंधरा वर्षांच्या भ्रमातून मुक्त केले, हेही याच कादंबरीत आहे. अर्थात अमीलियाने डॉबिनला बोलावणारे पत्र त्यापूर्वीच रवाना केले होते. थॅकरे आपल्या नायिकेला एक सत्कृत्यही निर्भेळपणे करू देत नाही.

कादंबरीच्या अखेरीस बेकी बाथ आणि चेल्टनहॅम येथे धर्मकृत्यांत गुंतलेली, दानशूर स्त्री म्हणून वावरते. तिचा धनकोंशी कितपत हिशेब मिटला, याचा तपशील नाही. डॉबिन सैन्यातून निवृत्त होऊन इतिहासकार झाला आहे, ही बाब मात्र आमच्या विषयाच्या प्राध्यापकांनी अवश्य लक्षात घ्यावी. तो पंजाबचा इतिहास लिहीत आहे. कादंबरीचे शेवटचे भाग छापले जात असताना, १८४८ मध्ये, दुसरे शीख युद्ध पेटले आणि १८४९ मध्ये कंपनीने पंजाब खालसा केला. कादंबरीत डॉबिनचा ग्रंथ काही पूर्ण होत नाही. तो सज्जन आहे, कष्टाळू आहे, कोणाचे एक शिलिंग देणे न ठेवणारा आहे, आणि त्याच्या टेबलावर त्या प्रांताचे कागद पसरलेले आहेत.